पहिली रायफल घेताना खांद्याला विचारा

हरणाच्या शिकारीचा परवाना हातात पडला आणि मी गरजेपेक्षा दांडगी रायफल घेऊन बसलो. थ्री हंड्रेड विनचेस्टर मॅग्नम, म्हणजे जादा दारूच्या दणकट काडतुसाची. कोष्टकातले गोळीच्या वेगाचे आकडे वाचून भारावलो होतो. वाटलं, आता कितीही लांबचं हरिण सुटत नाही. पहिल्याच हंगामात साठ-सत्तर पावलांवर आडवं उभं असलेलं हरिण सुटलं. गोळीनं त्याच्या पायांशी माती उडवली.

आधी दुर्बिणीला दोष दिला, मग काडतुसांना. शेवटी रेंजवरच्या एका जुन्या शिकाऱ्यानं माझी रायफल मागून घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. मी नेम धरून चाप ओढला. नुसतं टक् झालं. आत खोटं काडतूस होतं, आणि तरीही नळीचं तोंड झटक्यासरशी खाली गेलं होतं. बार निघायच्या आधीच माझा खांदा धक्क्याच्या भीतीनं आकसत होता. हा रोग नवख्यांना सर्रास जडतो आणि अंगात मुरला की काढायला वर्ष जातं.

म्हणून कॅलिबर, म्हणजे रायफलीच्या काडतुसाची जात, निवडताना ताकदीच्या आधी धक्का बघा. थ्री हंड्रेड मॅग्नमचा धक्का त्याच वजनाच्या, पण थ्री-झिरो-एट या मध्यम काडतुसाच्या रायफलीच्या साधारण दीडपट असतो. हरणाला एवढं लागतच नाही. हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम वीतभर जागा. तिथे गोळी लागली तर टू-फॉर्टी-थ्रीसारखं हलकं काडतूसही पुरतं, आणि मागे पोटात लागली तर कुठलीच ताकद कामाला येत नाही. जखमी हरिण मैलभर पळतं आणि तुम्ही अंधारात रक्ताचे थेंब शोधत फिरता.

माझी पसंती सेव्हन एमएम-झिरो-एट किंवा सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूरला. धक्का बेताचा, मार पुरेसा. थ्री-झिरो-एट १९५२ पासून आहे, थर्टी-ऑट-सिक्स तर १९०६ पासून (नावातला सिक्स हाच). दोन्हींची काडतुसं सहज मिळतात, पण आधी दुसऱ्याच्या रायफलीवर दहा-पंधरा बार काढून बघा. काही ठिकाणी किमान कॅलिबर कायद्यानं ठरवलेलं असतं, तेही आधी तपासा.

नावांवर फार भरवसा ठेवू नका. टू-सेव्हंटीच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.२७७ इंच असतो. टू-फॉर्टी-थ्री आणि सेव्हन एमएम-झिरो-एट ही दोन्ही थ्री-झिरो-एटच्याच पुंगळीवरून (काडतुसाच्या पितळी कवचावरून) बेतलेली, त्यामुळे बुडाकडून तिन्ही सारखी दिसतात. चुकीचं काडतूस चुकीच्या रायफलीत बसूही शकतं. काडतुसाच्या बुडावरची आणि नळीवरची अक्षरं जुळतात का, हे दर वेळी वाचायचं. खिशात दोन जातींची काडतुसं कधीच ठेवायची नाहीत.

दुसरी गोष्ट दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, आणि इकडे कुणी लक्षच देत नाही. रिकामी रायफल, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उघडा, नळी सुरक्षित दिशेला. डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. मान न ताणता दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर दस्ता तुमच्या मापाचा. भोवती काळं कडं दिसलं तर दस्ता आखूड-लांब आहे किंवा दुर्बीण पुढे-मागे बसवलीय. शिकारीत घालणार तो जाड कोट घालूनच हे करा. डोळा आणि दुर्बीण यांत आठ-नऊ सेंटिमीटर अंतर हवं. माझ्या भुवईवरची खूण ते न राखल्याची आहे.

वजन दुर्बिणीसकट साडेतीन किलोच्या आसपास असावं. त्याहून हलकी रायफल चढावर सुखाची, बार काढताना दुखाची. बोल्ट अ‍ॅक्शन घ्या. साधी, टिकाऊ, साफ करायला सोपी. दुर्बीण तीन ते नऊ पटींची भरपूर झाली, आणि चालताना ती तीनवरच ठेवा. नवावर ठेवून झाडीत हरिण शोधायला गेलात तर फक्त केस दिसतात, ते हरणाच्या कुठल्या भागाचे हे कळत नाही.

गोळी पसरणारी हवी, मऊ टोकाची किंवा तांब्याची. पूर्ण कवचाची लष्करी गोळी आरपार भोक पाडून निघून जाते आणि जनावर हाल होऊन मरतं; बऱ्याच ठिकाणी तिला बंदीच आहे. शंभर मीटरवर तीन गोळ्या चार सेंटिमीटरच्या वर्तुळात पडल्या की रायफलीकडून आणखी काही मागू नका. टेबलावर टेकवून नेम जुळवा, पण सराव मात्र बसून आणि गुडघ्यावर करा. जंगलात टेबल नसतं.

ती मॅग्नम अजून कपाटात आहे. विकायला काढली की फोन येतो आणि समोरचा आधी विचारतो, ‘धक्का कितपत देते हो?’ मी खरं ते सांगतो. मग तो ‘कळवतो’ म्हणतो.