जर्मनीच्या व्हिसाची राजकीय बातमी नीट कशी वाचायची

पुण्यात माझ्याकडे जर्मन शिकायला येणारी पोरं एकच प्रश्न परत परत विचारतात, ताई, तिकडे बाहेरच्यांच्या विरोधातले लोक आले तर आमचं काय? फेब्रुवारी 2025 च्या जर्मनीतल्या निवडणुकीत एएफडी या स्थलांतरविरोधी, कट्टर उजव्या पक्षाला 20.8 टक्के मतं पडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बी-वन (जर्मनची मधली पातळी) च्या बॅचमधली एक मुलगी वही मिटून नुसती बसून होती. म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी बघा की बातमी नक्की कुणाबद्दल आहे. जानेवारी 2025 मधे तेव्हाचे विरोधी पक्षनेते मेर्त्स यांनी जर्मन संसदेत एएफडीच्या मतांवर ठराव पास करून घेतला, त्यावर लोक रस्त्यावर उतरले, पण तो सगळा वाद आश्रय मागणाऱ्यांना सीमेवर अडवायचं की नाही याचा होता. नर्स, इलेक्ट्रिशियन अशा कामगारांचा कायदा वेगळा, 2020 ला लागू झाला आणि 2023 मधे अजून सोपा केला. आपल्याकडचे चॅनल दोन्हीची खिचडी करतात.

मग भारत आणि जर्मनीतला स्थलांतराचा करार वाचा, आणि पूर्ण वाचा. 5 डिसेंबर 2022 ला दिल्लीत जयशंकर आणि जर्मनीच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री बेअरबॉक यांनी त्यावर सह्या केल्या. आपल्याकडे गाजलं काय तर शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला 18 महिने राहता येणार, पण बेकायदा राहणाऱ्या आपल्या लोकांना भारताने परत घ्यायचं हेही त्याच करारात आहे. कारण साधं आहे, ज्याच्याकडे पासपोर्टच नाही त्याला त्याच्या देशाने कागद दिल्याशिवाय विमानात बसवता येत नाही, म्हणून जर्मनीसारख्या देशांना मूळ देशाची मदत लागते. खरं भांडण इथेच आहे. काहीजण म्हणतात, परत घेत नसतील तर त्या देशाचे व्हिसे आवळा. युरोपियन युनियनने 2021 मधे गांबिया या आफ्रिकी देशाच्या लोकांच्या व्हिसाच्या सवलती काढल्या, पुढे फी पण वाढवली. मला हे अजिबात पटत नाही, सरकारने कागद दिले नाहीत यात तिथल्या विद्यार्थ्याचा काय दोष? भारताशी आधी दार उघडलं आणि त्यासोबत परत घ्यायचं ठरवलं, तो रस्ता मला जास्त बरोबर वाटतो.

आकडा आला की थांबा. ऑक्टोबर 2024 मधे जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ दिल्लीत आले तेव्हा कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला 20 हजारांवरून 90 हजार करणार असं जाहीर झालं, पण ती वरची मर्यादा आहे, तेवढ्या नोकऱ्या ठेवल्यात असं नाही. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मधे बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी केलेल्या 10 हजार जणांच्या कराराचंही तेच, भाषा आणि डिप्लोमाची मान्यता ज्याची त्यालाच मिळवावी लागते.

शेवटी भाषण आणि कायदा वेगळे धरा. 2000 साली र्‍युटगर्स नावाच्या नेत्याच्या एका जर्मन राज्याच्या निवडणुकीच्या प्रचारात "किंडर श्टाट इंडर", म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं, ही घोषणा चालली, वाचून आजही अंगावर काटा येतो. ती निवडणूक ते हरले आणि बाहेरच्या आयटीवाल्यांना कामाची परवानगी देणारं जर्मनीचं ग्रीन कार्ड त्याच वर्षी सुरू झालं. पण उलटंही होतं हां, तीन वर्षांत नागरिकत्वाची सोय 2024 मधे आली आणि ऑक्टोबर 2025 मधे बुंडेसटागने, म्हणजे जर्मन संसदेने, मतदान करून काढली, आता पाच वर्षं लागतात. त्यामुळे एजंट म्हणाला की सरकार बदलतंय, आजच पैसे भरा, तर त्याला विचारा कुठला कायदा बदलला आणि मतदान कधी झालं. तारीख सांगता आली नाही तर पैसे भरू नका, दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा.