जुनी कार्बोरेटरवाली बाईक ई२० ला ट्यून करायच्या आधी काय काय तयारी करायची

पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे आता बहुतेक ठिकाणी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं), आणि जुन्या कार्बोरेटरला ते कळायचा काही मार्ग नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तोच ठेवला की गाडी लीन, हवा जास्त, पेट्रोल कमी. बीएस६ इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बरंच सांभाळून घेतो, त्यांनी हे सोडून दिलं तरी चालेल.

पण लगेच जेट आणायला धावू नका, अर्धं दुखणं रबरात असतं. पेट्रोल पाईप, कॉकचं वॉशर, फ्लोट बाऊलची (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) ओ-रिंग बघा, फुगलेलं किंवा चिकट झालेलं दिसलं तर बदला, ओ-रिंग व्हायटॉनची (इथेनॉलला टिकणारं रबर) मिळाली तर उत्तम. टाकीतला जुना गंज-चिकटा इथेनॉलने सुटतो आणि थेट जेटमध्ये जाऊन बसतो, तेव्हा टाकी धुऊन नवा फिल्टर टाकाच. कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबराला चीर असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि तुम्ही उगाच जेट वाढवत बसता.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते घरी बघता येतं. मापाच्या काचेच्या नळीत ५० मिली पेट्रोल, ५० मिली पाणी, हलवून ठेवा, खालचा थर ६० च्या आसपास आला तर ई२०. मोकळ्या हवेत करा आणि ते पेट्रोल टाकीत परत ओतू नका.

आता सामान. व्यासाचे नंबर असलेले मेन जेट असतील तर ११० च्या जागी ११५ म्हणजे भोक क्षेत्रफळाने ९ टक्के मोठं, शुद्ध पेट्रोलवरून ई२० ला तेवढंच लागतं, पण गाडी आधीच ई१० वर नीट लावलेली असेल तर ११२ पुरतो. म्हणून दोन्ही आणून ठेवा. नवा प्लग, जेटला बसेल असा स्क्रूड्रायव्हर पण हवा. आणि फिटरला तार घालून भोक मोठं करू देऊ नका, प्लीज, जेट कायमचा बिघडतो.

सुरुवात कार्बोरेटरमधल्या, थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईपासून करा, क्लिप एक खाच खाली म्हणजे सुई वर, मधल्या थ्रॉटलला रिच (पेट्रोल जास्त), फुकटात. मेन जेट फक्त पाऊणच्या वरच्या थ्रॉटलला बोलतो. एका वेळी एकच बदल, मग गरम इंजिनावर फुल थ्रॉटल ओढून क्लच दाबत किल स्विच, प्लग काढून बघा, पांढराफटक असेल तर अजून लीन, बदामी आला की थांबा. आरएक्स१०० वाल्यांनी इथे घाई करूच नये, टू-स्ट्रोक लीन झाली की पिस्टन जाम होतो.

अॅव्हरेज थोडं पडेल, इथेनॉलमध्ये ऊर्जाच लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, ते जेटने भरून निघत नाही. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करा, इथेनॉल ओल ओढून घेतं. काढलेला जुना जेट नंबर लिहून डबीत ठेवा.