कोल्हापूरहून कोकणातील वाळूच्या टेकड्या पाहायला जाताना

कोल्हापूरहून वेंगुर्ले-मालवणकडे जाणारे बहुतेक पर्यटक गाडीतून उतरताच सरळ पाण्याकडे निघतात, आणि गाडीतळ व लाटा यांच्यामधला वाळूचा जो उंचसखल पट्टा ते तुडवत जातात, तोच किनाऱ्याचा सर्वांत नाजूक भाग असतो. शिरोडा-वेळागर, मोचेमाड, वायंगणी किंवा मालवण तालुक्यातील तोंडवळी-तळाशील या किनाऱ्यांवर केवळ हा पट्टा पाहण्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. येथे राधानगरी अभयारण्यासारखे फाटक किंवा वनरक्षक सहसा भेटत नाहीत. तथापि 2011 आणि 2019 च्या किनारपट्टी नियमन क्षेत्र अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवले असून सुशोभीकरणासाठी किंवा करमणुकीसाठी त्यांचे रूप बदलण्यास मनाई केली आहे. अडवणारे कोणी नसल्यामुळे शिस्त पाहुण्यालाच सोबत न्यावी लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीची, म्हणजे पाण्यालगतच्या वाळूच्या सपाट किनाऱ्याची, वाळू ओढून समुद्रात नेतात, टेकड्यांचा पायथाही कातरला जातो आणि उघडीप मिळाल्यावर तीच वाळू हळूहळू परत येते. त्यामुळे पावसाळ्यात जाणे धोक्याचे तर आहेच, शिवाय पाहण्यासारखे फारसे काही हातीही लागत नाही. दिवस ठरवताना पंचांग उघडावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेल्यास पहाटे पाणी दूर गेलेले असते आणि उजाडताना चालण्यासाठी ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा मिळतो. मात्र याच दिवसांत उधाणाची भरतीही वरपर्यंत चढते, म्हणून खाडीच्या मुखाजवळ फार वेळ रेंगाळू नये.

वेंगुर्ल्यासाठी आजरा, आंबोली, सावंतवाडी हा मार्ग जवळचा पडतो, तर मालवणसाठी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट आणि कणकवली असे जावे. निघण्यापूर्वी घाट सुरू असल्याची खात्री करून घ्यावी. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीनेही जाता येते, परंतु पहाटेच्या ओहोटीला किनाऱ्यावर असायचे असेल तर आदल्या रात्री गावातील घरगुती निवासात मुक्काम करणे इष्ट. कोल्हापुरी पायताण खोलीवरच ठेवावे, कारण खारे पाणी चामड्याची वाट लावते. पट्ट्याची रबरी चप्पल पुरेशी आहे. सोबत टोपी, दुर्बीण आणि भरपूर पाणी घ्यावे, कारण दहानंतर कोरडी वाळू चटके देऊ लागते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर गावकऱ्यांची मळलेली पायवाट शोधावी, तिच्यावरूनच टेकडी ओलांडावी आणि पुढचे सारे चालणे भरतीरेषेच्या खालच्या ओल्या वाळूवरून करावे. या आग्रहाचे कारण टेकडी कशी उभी राहते हे पाहिल्यावर कळते. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा कोरडी वाळू जमिनीकडे ढकलतो. वाहून आलेली काटकी किंवा झुडूप आडवे आले की वाऱ्याचा जोर मोडतो आणि वाळू तेथेच पडते. त्या ढिगावर मर्यादवेल पसरते. आपट्यासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळट-गुलाबी फुले यांवरून ती सहज ओळखता येते. तिच्या खोडाला पेरापेरांवर मुळे फुटतात. वाळू वरून साचली तरी वेल गुदमरत नाही, उलट वर येऊन आणखी वाळू धरते. तिच्या मागे केवडा, उंडी आणि त्यापलीकडे माड असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. पायांखाली किंवा चाकांखाली वेल तुटली की त्या खिंडारातून वारा आत शिरतो, वाळू उडू लागते आणि पुढच्या उधाणाला मागच्या बागांकडे जायला आयती वाट मिळते. टेकडीत पावसाचे गोडे पाणीही साठते; किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी गोडे राहण्यास त्याचा मोठा आधार असतो. त्यामुळे पुळणीवर जीप घालून फेऱ्या मारण्याच्या हौसेला माझा ठाम विरोध आहे, मग गाडी वाळूत रुतो वा न रुतो.

टेकडीच्या पायथ्याशी एका जागी शांत बसून राहिल्यास बिळांतून वाळूच्या रंगाचे, उभ्या डोळ्यांचे खेकडे बाहेर येतात. हिवाळ्यात चिखल्या पक्ष्यांचे लहान थवे पाण्याच्या कडेने धावताना दिसतात. त्यांच्या मागे धावून छायाचित्रे घेऊ नयेत, कारण खाण्याची वेळ त्यांना ओहोटीपुरतीच मिळते.

याच मोसमात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात आणि पिल्ले बाहेर पडायला सुमारे दोन महिने लागतात. वायंगणीसारख्या गावांत जाळीच्या कुंपणात जपलेली घरटी पाहायची असतील, तर तेथील कासवमित्रांना विचारून त्यांच्याच सोबत जावे. पिल्ले उजेडाकडे वळतात, म्हणून विजेरी आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. उरलेले खाद्यपदार्थ वाळूत पुरू नयेत. त्या वासाने आलेली कुत्री घरटीही उकरतात. जखमी किंवा दमून पडलेले कासव आढळल्यास त्याला परत पाण्यात ढकलू नये. त्याच्यावर सावली धरावी, गर्दी दूर ठेवावी आणि वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवून माणसे येईपर्यंत तेथेच थांबावे.