एच-१बीच्या सहा वर्षांनंतरची मुदतवाढ

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त तीन आणि एकूण सहा वर्षे नोकरी करता येते. मात्र २००० साली झालेल्या, ‘एसी-२१’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांना त्यापुढेही मुदतवाढ मिळण्याची सोय करून दिली आहे. ती आपोआप लागू होत नाही, आणि तिची तयारी सहाव्या वर्षी सुरू केली तर बहुधा उशीर झालेला असतो.

पहिला मार्ग एकेका वर्षाच्या वाढीचा आहे. वाढ ज्या तारखेपासून हवी, तिच्या किमान ३६५ दिवस आधी कंपनीने कामगार खात्याकडे पर्मचा (ग्रीन कार्डासाठीच्या श्रम-प्रमाणपत्राचा) अर्ज, किंवा पर्म लागत नसेल तेथे आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्ज), दाखल केलेला असावा लागतो. म्हणून कॅलेंडरवर खूण करायची ती सहाव्या नव्हे, पाचव्या वर्षाच्या अखेरीवर. पर्मपूर्वी प्रचलित वेतन ठरवून घेणे आणि पदाची जाहिरात देणे यांत कित्येक महिने जातात. त्यामुळे चौथे वर्ष लागताच एचआरकडे लेखी विचारणा करावी आणि ‘बघू, अजून वेळ आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. मंजूर पर्मवर १८० दिवसांत आय-१४० दाखल झाला नाही, तर तो पर्म निकामी होतो.

आय-१४० मंजूर असेल आणि ग्रीन कार्डांवरील देशनिहाय ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे प्रायॉरिटी डेट (रांगेतील क्रम ठरवणारी तारीख) लागलेली नसेल, तर एका वेळी तीन वर्षांपर्यंत वाढ मिळते. नोकरी बदलल्यास नवी कंपनीही त्याच मंजुरीच्या आधारे वाढ मागू शकते. मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर जुन्या कंपनीने अर्ज केवळ मागे घेतला, तरी हा आधार जात नाही. तेव्हा राजीनामा देण्यापूर्वी मंजुरीपत्राची प्रत हाती असावी. ती मागायला संकोच वाटतो खरा, पण नंतर ती मिळवणे त्याहून अवघड जाते.

पर्मला उशीर झालाच असेल, तर अमेरिकेबाहेर काढलेले दिवस परत मागून सहा वर्षांच्या मुदतीत जोडून घेता येतात. मोजणी पूर्ण दिवसांची होते: ५ डिसेंबरला निघून १० जानेवारीला परतलेल्या व्यक्तीचे ६ डिसेंबर ते ९ जानेवारी असे ३५ दिवस धरले जातात, जाण्यायेण्याचे दोन दिवस सुटतात. अशा प्रत्येक प्रवासाचा तक्ता करून त्याला पासपोर्टवरील शिक्के, तिकिटे आणि प्रवासाच्या नोंदी जोडाव्यात.

मुदतवाढीचा आय-१२९ अर्ज मंजूर एलसीएसह (वेतन व कामाच्या अटींबाबत कामगार खात्याला दिलेल्या हमीपत्रासह) कंपनीच करते आणि तो हव्या असलेल्या तारखेच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. तो आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याच्या नोंदीची) मुदत संपण्यापूर्वी पोहोचला, तर निर्णय येईपर्यंत, कमाल २४० दिवस, त्याच कंपनीत काम चालू ठेवता येते. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावरील जोडीदार व मुलांसाठी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज वेगळा भरावा लागतो. घाईत नेमका तोच राहून जातो. पासपोर्टची मुदत लवकर संपणार असेल, तर विमानतळावर आय-९४ तेवढ्याच तारखेपर्यंत दिला जाऊ शकतो. म्हणून अमेरिकेत परतल्यावर दर वेळी आय-९४ ऑनलाइन उघडून त्यावरील तारीख पाहावी. पासपोर्टवरील व्हिसाच्या तारखेवर विसंबू नये.