डब्यांच्या स्वयंपाकघरात सगळं थोडं थोडं बिनसतं तेव्हा: या चुका टाळा

डबे पुरवणाऱ्या घरगुती केंद्राचा दिवस एका मोठ्या संकटाने क्वचितच बुडतो. साडेसातला पोळ्यांच्या मावशींचा फोन येतो की मुलाला ताप आहे. छोले भिजत घालायचे रात्री राहून गेलेले असतात. पुण्यात असाल आणि दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा गुरुवार असेल, तर नळाला पाणी नसण्याचीही शक्यता. नऊच्या सुमाराला शेगडी मंदावते. यातल्या प्रत्येकावर इलाज आहे. डबा खरा बिघडतो तो गेलेला वेळ भरून काढण्याच्या घाईत, आणि ती घाई सगळ्यात आधी कणकेवर निघते.

कणीक मुरू न देणे

ही चूक इतक्या ठिकाणी होते की तिच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. ६० डबे, प्रत्येकात ४ पोळ्या, म्हणजे २४० पोळ्या. ४० ग्रॅमचा उंडा धरला तर ६ किलो कोरडी कणीक लागते. पाणी साधारण पावणेचार लिटर, कणीक जुनी-नवी असेल त्याप्रमाणे थोडं कमी-जास्त. मावशी आल्या नाहीत की मदतनीस परात ओढते, कणीक मळते आणि लगेच लाटायला बसते. मुरायला लागणारी २० मिनिटं वाचली असं तिला वाटतं.

आता पोळपाटाकडे नीट पाहा. न मुरलेली कणीक लाटण्याखाली पसरते आणि लाटणं उचललं की पुन्हा आत ओढली जाते. कोंड्याने अजून पाणी प्यायलेलं नसतं आणि मळताना आलेला ताण सैल झालेला नसतो. मग जोर लावून लाटलं जातं, मध्यभागी पातळ आणि कडेला जाड. कड भाजेपर्यंत मधला भाग कडक होतो. लाटण्या-भाजण्यात पोळीमागे १५ सेकंद जरी जास्त गेले, तरी २४० पोळ्यांना एक तास होतो. २० मिनिटं वाचवायला एक तास गेला, आणि दुपारी एक वाजता डबा उघडणाऱ्याच्या हाती वातड पोळी आली.

सकाळी आल्याआल्या, भाजी चिरायच्याही आधी, २ किलो कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवा. उरलेली ४ किलो मळेपर्यंत पहिली मुरते आणि कोणालाही थांबावं लागत नाही. एकच लाटणारी असेल तर तिला तव्यापासून मोकळं करा. भाजायला दुसरी व्यक्ती उभी राहिली की तासाला साठावर अडलेली संख्या शंभराच्या आसपास जाते. वेळ कमी आहे म्हणून घडी सोडून फुलके करायचा मोह मात्र आवरा. डब्यातला फुलका एक वाजेपर्यंत कोरडा पडतो. त्यापेक्षा चारऐवजी तीन चांगल्या पोळ्या द्या आणि भात वाढवा.

छोल्यांवर सोड्याचा मारा

न भिजलेले छोले कुकरला लावून वर चमचाभर खायचा सोडा टाकला की काम होतं, हा समज फार पसरलेला आहे. होतं असं की सालं सुटतात, बाहेरून लगदा होतो, आतला दाणा कचकचीत राहतो आणि रश्शाला साबणासारखी चव येते. मग ती चव झाकायला आमचूर, आमचुराचा आंबटपणा झाकायला गूळ. इतक्या पदरांखाली छोले उरत नाहीत.

आठच्या आत लक्षात आलं तर छोले भरपूर पाण्यात २ मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करा, तासभर झाकून ठेवा, ते पाणी ओतून नवीन पाण्यात कुकरला लावा. आठ उलटून गेले असतील तर छोले सोडून द्या आणि पिठलं करा. ६० जणांना २ किलो बेसन आणि ८ लिटर पाणी पुरतं. बेसन त्यातल्याच थोड्या गार पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवायचं आणि उरलेल्या पाण्याला फोडणी देऊन उकळी आली की ओतायचं. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात भुरभुरवत बसायची ही वेळ नव्हे. चांगलं पिठलं कच्च्या छोल्यांपेक्षा शंभरपट बरं. ते देण्यात कमीपणा वाटण्याचं काहीच कारण नाही.

शेगडी मंदावली की सिलेंडर आडवा करणे

हे कधीही करू नका. उभ्या सिलेंडरमधून वरची वाफ येते; आडवा केला की द्रवरूप गॅस नळीत शिरतो आणि भडका उडू शकतो. गरम पाणीही ओतू नका. १९ किलोच्या एकाच सिलेंडरवर दोन मोठ्या शेगड्या सतत पूर्ण चालवल्या की तो बाहेरून गार पडतो, कधी त्याच्यावर बर्फासारखा थर येतो आणि गॅस शिल्लक असूनही दाब उतरतो. एक शेगडी बारीक करा. किती उरलाय हे पाहायला ओलं फडकं फिरवा: गॅस जिथपर्यंत आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो. सिलेंडर बदलल्यावर वास येत असेल तर व्हॉल्व्हमधली रबरी रिंग तपासा आणि वास जाईपर्यंत काडी ओढू नका.

मीठ एकाच माणसाने घालायचं. गडबडीच्या दिवशी दोघांकडून दोनदा पडतं. पडलंच तर कच्चा बटाटा टाकून ते शोषलं जाईल याची वाट पाहू नका, बिनमिठाची उकडलेली भाजी किंवा डाळ घालून प्रमाण वाढवा. पोळ्या तव्यावरून थेट डब्यात नकोत, जाळीवर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. कोशिंबिरीत मीठ भरायच्या वेळीच. मे महिन्यात उसळीवर वरून ओलं खोबरं नकोच.

आणि निरोप उशिरा देऊ नका. ग्राहक उशीर सहन करतो, पण भूक लागल्यावर कळलेला उशीर त्याला सहन होत नाही. साडेआठला, काय जमणार आणि काय नाही हे ठरल्याठरल्या, सगळ्यांना एकच ओळ पाठवा: ‘आज छोल्यांऐवजी पिठलं, पोळ्या तीन, भात जास्त, डबा पाऊण वाजता.’ कारणं त्यात घालू नका. पोळी कमी दिली असेल तर त्या दिवसाचे पैसेही त्याच ओळीत कमी करून सांगा, विचारायची वेळ येऊ देऊ नका.