खाऱ्या पाण्याचे मासे आणि क्वारंटाईन: इंदूरच्या घरात या चुका टाळा

इंदूरपासून समुद्र लांब. खाऱ्या पाण्याचा मासा इथे पोचतो तो पिशवीत तासन्‌तास काढून, थकून, आणि पुष्कळदा परजीवी घेऊनच. म्हणून नव्या माशाला मुख्य टाकीत सोडण्याआधी काही आठवडे वेगळं ठेवून उपचार करायला क्वारंटाईनची वेगळी टाकी हवीच. पण त्या टाकीत मासा दगावतो तेव्हा दोष औषधापेक्षा मोजमापाचा जास्त असतो.

पहिली चूक पिशवी उघडतानाच होते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढू लागतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. त्यामुळे त्याच पाण्यात माशाला ठेवून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. विक्रेत्याकडून पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, आधीच विचारून घ्या (विशिष्ट घनतेच्या आकड्यात बऱ्याचदा १.०१८ ते १.०२० असते) आणि टाकी तेवढ्यावरच तयार ठेवा. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगू द्या, मग उघडून मासा लगेच टाकीत सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या. १.०२५ पर्यंत चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा.

क्वारंटाईनमधलं मुख्य औषध म्हणजे पाण्यात विरघळवलेलं तांबं. त्यामुळे टाकीत वाळू, प्रवाळ, शिंपले, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) काहीही नको. हे सगळे चुनखडीचे पदार्थ तांबं शोषतात, मग औषध घालत राहिलं तरी आकडा वर चढत नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि टी पुरतात. फिल्टरमधला कार्बनही काढा. स्पंज फिल्टर मात्र तीन-चार आठवडे आधीपासून मोठ्या, म्हणजे मुख्य टाकीच्या संपमध्ये (फिल्टरच्या खालच्या टाकीत) ठेवलेला हवा, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वसतात. कोरा स्पंज अमोनिया सांभाळू शकत नाही. अमोनिया वाढला तर पाणी बदला. अमोनिया बांधणारी काही कंडिशनर तांब्याला जास्त विषारी रूपात बदलतात.

आता तांबं, म्हणजे सगळ्यात जास्त मासे जिथे जातात ती जागा. २४ × १२ इंचांच्या टाकीत १३ इंच पाणी म्हणजे ६१ लिटर. टाकीची मापं नव्हे, भरलेल्या पाण्याची मापं धरा. साध्या आयनिक तांब्याची उपचाराची पातळी लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तर चिलेटेड तांब्याच्या (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या, म्हणून सौम्य) काही औषधांची २.० ते २.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर मासा तरी मरतो, नाहीतर परजीवी तरी वाचतो. बाटलीवरचं वाचा आणि तेच पाळा. बाजारातलं मोरचूद (कॉपर सल्फेट) तर अजिबात नको: ६१ लिटरमध्ये ०.२० गाठायला ते जेमतेम ४८ मिलिग्रॅम लागतं, आणि एक चिमूट त्याच्या कित्येक पट भरते. चिलेटेड औषध घेतलं तर पातळी दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवा आणि हॅनाच्या हाय रेंज कॉपर चेकरसारख्या मीटरवर रोज मोजा. रंग जुळवून पाहण्याच्या किटवर भरवसा ठेवू नका.

पातळी घसरते ती पाणी बदलताना. २.२५ वर असलेल्या ६० लिटरमधून १५ लिटर काढून कोरं खारं पाणी भरलं की ती १.६९ वर येते. नवीन पाण्यात आधीच त्या प्रमाणात औषध मिसळा. मे महिन्यात माळव्यातल्या कोरड्या उन्हात उलट होतं: पाणी झपाट्याने उडतं, मीठ आणि तांबं दोन्ही चढतात. अशा वेळी फक्त आरओचं गोडं पाणी, काचेवरच्या खुणेपर्यंत, रोज. नर्मदेच्या नळाचं किंवा बोअरिंगचं पाणी थेट घालू नका. जानेवारीच्या रात्रींसाठी हीटर आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप तयार असू द्या.

पांढरे ठिपके गेले म्हणून औषध थांबवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. हे ठिपके आणणारा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशावर साधारण तीन ते सात दिवस असतो, मग गळून काचेवर-तळाशी कोष करतो. तांबं मारतं ते कोषातून बाहेर पडणाऱ्या पोहत्या पिल्लांनाच. म्हणून पूर्ण पातळी गाठल्यापासून सलग ३० दिवस. मध्ये पातळी खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मोठ्या टाकीत आधीच लागण झाली असेल तर ती ७६ दिवस माशांविना ठेवा.

प्रत्येक आजाराला तांबं चालतं असंही नाही. क्लाउनफिशच्या अंगावर जाड बुळबुळीत थर सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला हा दुसरा परजीवी असू शकतो. त्यावर फॉर्मेलिन लागतं, तेही हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. फ्लूकवर (कातडी-कल्ल्यांना चिकटणाऱ्या चपट्या कृमींवर) प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा. तेव्हा ऑक्सिजन घटतो, म्हणून जास्तीचा एअरस्टोन लावा. भरभर श्वास, उजेड टाळणं, पंपाच्या झोतात तोंड घालून राहणं, अंगावर बारीक भुकटीसारखा थर, ही वेल्व्हेट या परजीवी रोगाची लक्षणं. वेल्व्हेट दोन-तीन दिवसांत मासा मारू शकतो आणि सॅलिनिटी उतरवून तो जात नाही. तिथे तांबं त्याच दिवशी सुरू करा.

जाळी, सायफन, बादली दोन्ही टाक्यांची वेगळी ठेवा, आणि टाक्यांमध्ये निदान तीन मीटरचं अंतर. वेल्व्हेट हवेतल्या बारीक तुषारांतूनही पोचतो.