चाक उभं, पण लंबवर्तुळ तिरकं

पाच महिने मी रोज एक पान लंबवर्तुळांनी भरलं. हात सुधारला. रेघेचं टोक सुरुवातीला नेमकं येऊन मिळू लागलं, वळणं गुळगुळीत झाली. तरी मी काढलेली प्रत्येक मोटार मोडकी दिसायची, चाकं निखळायला आल्यासारखी. मला वाटलं हात अजून कच्चा आहे, म्हणून मी रोजची दोन पानं केली. त्या जास्तीच्या पानांचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक हातात नव्हतीच.

रेघांचं आधी उरकते. दोन ठिपके द्या, पेन टेकवायच्या आधी तीच हालचाल हवेत चार-पाच वेळा करा आणि मग एका दमात रेघ ओढा. नजर पेनाच्या टोकावर नको, पोचायचंय त्या ठिपक्यावर हवी. मनगट म्हणजे लहानसा कंपास आहे. लांब रेघ मनगटातून ओढलीत की तिला बाक येणारच, म्हणून खांद्यातून ओढा. रेघ ठिपक्याच्या पुढे गेली तरी हरकत नाही, शेजारून गेली तरी हरकत नाही. पण वाटेत थबकून तिला वळवू नका आणि चुकली म्हणून वरून दुसरी फिरवू नका. तसल्या केसाळ रेघा मी वर्षानुवर्षं काढल्या, ती सवय सुटताना फार जड गेलं. हाताची सोयीची दिशा एकदा सापडली की हात वाकडा करायचा नाही, कागद फिरवायचा. आणि हे सगळं पेनने करा. खोडता येतंय म्हटलं की हवेतली तालीम आपण टाळतो, हे मी स्वतःवर पाहिलंय.

आता लंबवर्तुळ. इथे मी अडकले, आणि तुम्हीही अडकाल असं मला वाटतं, म्हणून सविस्तर सांगते.

लंबवर्तुळाला दोन अक्ष असतात, एक लांब आणि एक आखूड. टेबलावर ठेवलेल्या कपाचं तोंड काढताना लांब अक्ष आडवा असतो, त्यात काही गोंधळ नाही. गोंधळ चाकापाशी होतो. चाक जमिनीवर उभं असतं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण लांब अक्षही सरळ उभा धरतो. मीही तेच करत होते. माझ्या मोटारी वरून, थोड्या कोपऱ्यातून पाहिलेल्या असायच्या आणि त्यांची चाकं मात्र डोळ्याच्या पातळीवरून पाहिल्यासारखी. एकाच चित्रात दोन वेगळ्या नजरा. म्हणून ती निखळलेली दिसत होती.

एक पुठ्ठ्याची गोल चकती कापा आणि तिच्या मधोमध पेन्सिल काटकोनात खुपसा. ती समोर धरून एक डोळा मिटा आणि हळूहळू फिरवा, वर-खाली करा. चकती कधी अरुंद दिसेल, कधी जवळजवळ गोल. पण पेन्सिल प्रत्येक वेळी आखूड अक्षाच्या रेषेत दिसेल. ही पेन्सिल म्हणजे चाकाचा आस. म्हणजे चाक काढताना ‘चाक उभं आहे की आडवं’ हा प्रश्नच विचारायचा नाही. आस चित्रात कुठल्या दिशेला जातोय ते बघायचं. आखूड अक्ष त्या दिशेने ठेवायचा, लांब अक्ष त्याला काटकोनात. मोटार वरून पाहत असाल तर आसाची रेघ क्षितिजरेषेकडे तिरकी चढते, त्यामुळे लंबवर्तुळही कलतं. ते कलणं पहिल्यांदा चूक वाटतं. मला इतकं चूक वाटलं की बरोबर आलेली दोन चाकं मी स्वतः ‘सरळ’ केली होती.

(चित्राच्या अगदी कडेला वर्तुळं ताणली जातात आणि हा नियम थोडा ढळतो. सुरुवातीला वस्तू मधोमध काढा, म्हणजे ती डोकेदुखी नको.)

याच्याच शेजारी दुसरा खड्डा आहे. वर्तुळाचा जवळचा अर्धा भाग मोठा दिसायला हवा असं वाटून आपण अंड्याचा आकार काढतो. तसं होत नाही. तिरकं पाहिलेलं वर्तुळ दोन्ही बाजूंनी सारखंच लंबवर्तुळ दिसतं. फक्त वर्तुळाचा खरा मध्य, म्हणजे भोवतीच्या चौकोनाचे कर्ण छेदतात तो बिंदू, लंबवर्तुळाच्या मध्यापेक्षा थोडा मागे सरकतो. हे वाचून मन मानत नसेल तर खचू नका. आल्ब्रेख्त ड्युररसारख्या नामवंत जर्मन चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात शंकूचा तिरका छेद दाखवताना लंबवर्तुळ अंड्यासारखं काढलं होतं, एका बाजूला रुंद. शंकू खाली रुंद होत जातो, तेव्हा छेदही तसाच असणार, हा तर्क साधा आणि चुकीचा. आपला तर्क त्याच जातीचा आहे.

या सगळ्याचा मला झालेला मोठा फायदा ठोकळ्यांमध्ये. ठोकळ्याची बाजू पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे दूरचं लहान दिसतं त्या हिशोबाने काढल्यावर, खरोखर चौरस दिसतेय की लांबट, हे नुसतं बघून सांगणं अवघड. पण त्या बाजूच्या चारही कडांना त्यांच्या मध्यावर टेकणारं लंबवर्तुळ काढा (कडांचे मध्य कर्णांच्या छेदातून मिळतात, फूटपट्टीने अर्ध्यावर मोजून नव्हे). त्याचा आखूड अक्ष जर त्या बाजूशी काटकोनात असलेल्या कडांच्या व्हॅनिशिंग पॉइंटकडे (दूर जाणाऱ्या समांतर कडा चित्रात जिथे एकत्र येतात त्या बिंदूकडे) जात असेल तर बाजू चौरस आहे. दुसरीकडेच जात असेल तर नाही.

ठोकळ्यांबद्दल बाकी दोनच गोष्टी. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट पानावरच, जवळ जवळ घेतलेत तर ठोकळा टोकदार आणि विचित्र होतो; ते पानाबाहेर जाऊ द्या. आणि काढून झाल्यावर वेगळ्या रंगाच्या पेनाने प्रत्येक कडा मागे वाढवून बघा, पाहणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या बाजूलाच. तिथे रेघा एकत्र यायला हव्यात. हे केलं नाहीत तर ते पान फक्त भरलंय, तपासलेलं नाही. तपासणीचं काम कंटाळवाणं आहे. ते टाळाल तर माझ्यासारखे महिने जातील, हे स्पष्टच सांगते.

फूटपट्टी तपासायला वापरा, काढायला नको. टॅबलेटवर रेघ आपोआप सरळ करणारी सोय असते, ती निदान सरावापुरती बंद ठेवा. लंबवर्तुळाचे साचे मला वर्ज्य वाटत नाहीत. त्यांच्या भोकांच्या कडेला अक्षांच्या खुणा असतात आणि पक्क्या चित्रासाठी ते उत्तम. पण कल किती ठेवायचा ते साचा सांगत नाही, ते आधी तुम्हाला ठरवता आलं पाहिजे.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. माझी पानं एकजण कितीतरी आठवडे बघत होते आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, ‘सराव चालू ठेव, येईल.’ हेतू चांगला होता, पण मी चूकच पक्की करत होते. नंतर दुसऱ्या कुणीतरी लाल पेन घेतलं, माझ्या चाकातून आसाची रेघ आरपार काढली आणि पेन खाली ठेवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. तुमच्या पानावर स्वतः रेघ मारून दाखवणारा माणूस शोधा. नसेल मिळत तर चकती आणि पेन्सिल आहेच, त्यांनीही तेच कळतं.

हात थरथरतो, काही दिवस काहीच जमत नाही, कालची रेघ आज येत नाही, हे सगळं होतं आणि त्याने काही बिघडत नाही. अशा दिवशी पंधरा मिनिटं रेघा ओढून उठा. माझ्या अनुभवात हात सवडीने येतोच.

मी अजून एका ठिकाणी चुकते. एकाच आसावरच्या दोन चाकांपैकी दूरचं चाक आकाराने लहान दिसतं, पण जवळच्यापेक्षा जास्त उघडं, जास्त गोलाकडे झुकलेलं. लहान काढायचं लक्षात राहतं, उघडं काढायचं राहत नाही. म्हणून सध्या माझ्या पानांवर मोटारी नाहीत. नुसते आस आहेत, वेगवेगळ्या दिशांना गेलेले, आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन चाकं.